हट्टी सवयी सैल कशा कराव्यात: सहा आठवड्यांचा आराखडा

तंबाखू, दारू, रात्री दोनपर्यंत मोबाइल या सवयींसाठी हा आराखडा नाही. त्या वाईट आहेत हे ज्याला लागल्यात त्यालाही ठाऊक असतं. इथे विषय आहे तो चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या सवयींचा. सहाच्या ठोक्याला चहा, तोही ठरलेल्या कपात. गाडी लावायची ती त्याच खांबापाशी. भाजी त्याच भाजीवालीकडून. रविवारी साडेबाराला पान वाढलेलं पाहिजे आणि पाहुणे आले तर फोन करून आले पाहिजेत. अशा सवयींमुळे घराची घडी बसते, यात वाद नाही. पण कधीतरी लक्षात येतं की दूधवाला वीस मिनिटं उशिरा आला एवढ्यावरून सकाळ नासली. मुलाकडे बंगळुरूला चार दिवस राहणं नको वाटतं. ऑफिसात नवी पद्धत आली की आधी तिच्यातल्या चुकाच दिसतात. हे पन्नाशीत होतं तसंच तिशीतही होतं.

शिस्त कुठे संपते आणि हट्ट कुठे सुरू होतो, हे तीन प्रश्नांनी कळतं. ही सवय एक दिवस मोडली तर होणारी चिडचिड नुकसानाच्या मानाने फार जास्त आहे का? घरातले बाकीचे लोक तिच्याभोवती आपापली कामं वाकवून घेतात का? आणि ती का पाळतो याचं उत्तर ‘पूर्वीपासून’ यापलीकडे देता येतं का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ आणि तिसऱ्याला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर ती सवय या कामासाठी घ्यायला हरकत नाही. एकाच प्रश्नावर अडत असेल तर ती आहे तशी राहू द्या.

दुपारच्या १ ते ४ वरून पुणेकरांची चेष्टा पुरेशी झाली आहे. जेवणानंतर अर्धा तास पडण्याची सवय कुणाला त्रास देत नसेल तर तिला हात लावायचं काहीच कारण नाही.

आधी हे वगळा

काही सवयी खांबासारख्या असतात, बाकीचा दिवस त्यांच्यावर उभा असतो. औषधांच्या वेळा हा त्यातला पहिला खांब. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, इन्सुलिनची वेळ बऱ्याचदा जेवणाशी बांधलेली असते, रक्तदाबाची गोळी रोज ठरल्या वेळीच घ्यायची असते. या आराखड्यात यातलं काहीही हलवायचं नाही. मधुमेह असेल तर जेवणाच्या वेळेचे प्रयोगही डॉक्टरांना विचारूनच करा. सकाळी उठण्याची वेळही शक्यतो तीच ठेवा, कारण झोप बिघडली की चिडचिड वाढते आणि मग चिडचिड बदलामुळे झाली की झोपेमुळे, ते कळेनासं होतं. उपास, व्रत, पूजा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. तोही बाजूला ठेवा.

काही माणसांसाठी ठरलेला क्रम हाच आधार असतो. घरात स्मृतिभ्रंश झालेले आजोबा असतील किंवा स्वमग्न मूल असेल, तर त्यांच्या दिनक्रमाशी खेळू नका. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर काही महिने थांबा.

आणि मंत्रचळ वेगळा. गॅस बंद आहे का हे पुन्हा पुन्हा पाहणं, कुलूप ओढत राहणं, हात धूत राहणं, वस्तू विशिष्ट पद्धतीने मांडल्याशिवाय चैन न पडणं, या सगळ्यात दिवसाचा तासाभराहून जास्त वेळ जात असेल किंवा कामावर जाणं अवघड होत असेल, तर ती हट्टी सवय नव्हे. तो उपचाराने आटोक्यात येणारा आजार आहे. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडेच जायला हवं, वहीपेनाने ते काम होत नाही. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, चोवीस तास आणि मोफत. ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली.

पहिला आठवडा: फक्त नोंद

दोनशे पानी साधी वही पुरते. पानावर पाच रकाने आखा: वेळ, जागा, त्याच्या लगेच आधी काय झालं, जवळ कोण होतं, आणि हे आज करता आलं नसतं तर किती अस्वस्थ वाटलं असतं त्याचा ० ते १० मधला आकडा. ० म्हणजे काहीच नाही, ५ म्हणजे तासभर मनात घोळत राहील, १० म्हणजे भांडण होईल किंवा घराबाहेर पडणार नाही. आठवड्यात पंधरा-वीस नोंदी व्हायला हव्यात.

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. दुसऱ्या दिवशीच उत्साहात दोन सवयी ‘सुधारल्या’ जातात आणि मूळ चित्र कधी कागदावर येतच नाही. दुसरा घोळ म्हणजे रात्री झोपताना दिवसभराचं आठवून लिहिणं. तेव्हा ‘आधी काय झालं’ हा रकाना हमखास रिकामा राहतो, आणि पुढच्या कामाला तोच सगळ्यात उपयोगी असतो. वही स्वयंपाकघरात किंवा बॅगेत ठेवा आणि सवय घडल्यावर लगेच दोन ओळी खरडा.

शनिवारी घरातल्या दोघांना एक प्रश्न विचारा: ‘माझ्या कोणत्या तीन गोष्टींमुळे तुम्हाला जपून वागावं लागतं?’ उत्तर ऐकताना खुलासा द्यायचा नाही. ‘तसं नाही गं, ते काय आहे...’ अशी सुरुवात झाली की पुढचं कुणी खरं सांगत नाही. ऐकायचं आणि वहीत लिहायचं. तुमच्या वहीत नसलेली एक तरी गोष्ट या यादीत असते, आणि बऱ्याचदा पहिल्यांदा तीच हाताळायला हवी असते.

सवय ठरते कशावर

सवय मनोबलावर चालत नाही, ती खुणेवर चालते. ठरावीक जागा, वेळ, आधीची कृती, समोरची वस्तू यांपैकी काहीतरी दिसलं की मेंदू पुढचा सगळा क्रम एकसंध उचलतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डेव्हिड नील, वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रपटगृहात लोकांना पॉपकॉर्न दिले, काहींना ताजे तर काहींना आठवडाभर शिळे. ज्यांना तिथे पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. चवीला वाईट आहेत हे त्यांना कळत होतं, तरी हात चालूच राहिला. तसेच शिळे पॉपकॉर्न सभा-बैठका घेण्याच्या खोलीत दिले तेव्हा मात्र खाणं कमी झालं. चित्रपटगृहातच, पण नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितलं तेव्हाही कमी झालं.

आपल्या कामासाठी यातून एक गोष्ट घ्यायची. पूर्ण सवयीला भिडायची गरज नाही. क्रमातला एक सांधा हलवला तरी मेंदूला जागं व्हावं लागतं. जागा बदला, हात बदला, क्रम उलटा करा किंवा खूण नजरेआड करा. चहा सोडायचा नाही. तो गॅलरीऐवजी जिन्यात उभं राहून प्या. टेकडी सोडायची नाही. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रोज लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूने चढत असाल तर आठवड्यातून दोनदा चतुःशृंगीच्या बाजूने चढा. पर्वती रोजची असेल तर एक दिवस तळजाई.

शिडी लावणं

दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला वहीतल्या नोंदी आकड्यांप्रमाणे चढत्या क्रमाने मांडा. सुरुवात २ किंवा ३ वाल्या गोष्टीने. ७ च्या पुढचं एकही काम पहिल्या महिन्यात नको. ‘एकदाच काय तो झटका’ हा विचार मोहात पाडतो, पण गंजलेली नटबोल्टची जोडी जोर लावून फिरवली तर आटे जातात. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं केलं की ती सुटते. इथेही तसंच.

समजा कोथरूडला राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांची शिडी साधारण अशी होईल. कप बदलणं २. फिरायला उलट्या दिशेने जाणं ३. ठरलेली भाजीवाली सोडून महात्मा फुले मंडईत जाणं आणि घरात कधी न आलेली एक पालेभाजी आणणं ४. रविवारचं जेवण साडेबाराऐवजी दोनला ५. वीजबिल आणि विम्याचा हप्ता या महिन्यात मुलीने भरणं, आपण मागे उभं न राहणं ६. मुलांनी ठरवलेल्या सहलीला, हॉटेल कुठलं आणि निघायचं किती वाजता हे न विचारता जाणं ८.

दर आठवड्याला शिडीवरची एकच पायरी घ्या आणि ती आठवड्यात तीन-चार वेळा करा. पुढच्या पायरीवर जायची अट साधी आहे: या पायरीचा आकडा निम्म्यावर आला पाहिजे. ४ चा २ झाला की पुढे, नाहीतर तीच पायरी आणखी एक आठवडा.

मंडईच्या पायरीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ती सोपी वाटते आणि फसते. १८८६ मध्ये उघडलेली ही मंडई आता मेट्रोच्या मंडई स्थानकावर उतरून गाठता येते, म्हणजे गाडी कुठे लावायची ही सबब उरत नाही. जाताना यादी न्यायची नाही, पण खर्चाची मर्यादा ठरवायची, समजा दोनशे रुपये. पालेभाजी अशी घ्या की ती कशी करायची हे विकणाऱ्या बाईंनाच विचारावं लागेल. हिवाळ्यात चाकवत किंवा करडई, पावसाळ्यात टाकळा किंवा कुरडू. ‘मावशी, ही निवडायची कशी? देठं घ्यायची का?’ एवढं विचारणं हा या पायरीचा अर्धा भाग आहे. ज्याला सगळं आधीच माहीत असण्याची सवय आहे, त्याला न येणारी गोष्ट चारचौघांत विचारणं भाजी बदलण्यापेक्षा अवघड जातं.

प्रत्येक पायरीच्या आधी आणि नंतर

आधी वहीत एक वाक्य लिहा: काय बिघडेल असं वाटतंय? ते नेमकं लिहा. ‘बरं वाटणार नाही’ असं मोघम चालत नाही. ‘उशीर होईल, पावणेदोनला डोकं दुखायला लागेल, चिडून बोलेन’ असं लिहा. मग पायरी करा. मधे अस्वस्थता वाढेल, तेव्हा पळ काढू नका. ती सहसा चढते, थोडा वेळ टिकते आणि तुम्ही काही न करताही उतरायला लागते. चढत असतानाच जुन्या पद्धतीकडे वळलात तर मेंदू एवढंच शिकतो की वळलो म्हणून वाचलो. शेवटी, काय बिघडेल म्हणून लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, ते एकाखाली एक लिहा. चार-पाच पानांनंतर आपल्या भाकितांचा दर्जा आपल्यालाच कळतो.

इथे एक चोरवाट असते ती ओळखा. पायरी केल्यासारखी दिसते, पण आतून जुनीच सवय चालू असते. नव्या रस्त्याने जायचं, पण दर दोन मिनिटांनी नकाशा पाहायचा आणि घरी तीनदा फोन करायचा. नव्या हॉटेलात जायचं, पण मिसळच मागवायची आणि आपल्या नेहमीच्या मिसळीशी तुलना करत खायची. रविवारचं जेवण दोनला ठेवायचं, पण साडेबाराला स्वयंपाकघरात उभ्याने पोळीचा रोल खायचा. अशा वेळी आकडा खाली येत नाही आणि माणसाला वाटतं, आपल्याला हे जमणारं नाही. चोरवाट बंद करा, मग बघा.

ठरवायचं कसं: वाक्याचा साचा

‘आता मी थोडा लवचीक होणार’ या संकल्पाचा उपयोग नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवलेली साधी युक्ती वापरा: ‘अमुक झालं की मी तमुक करेन.’ अमुकच्या जागी डोळ्यांना दिसणारी किंवा कानाला ऐकू येणारी खूण हवी आणि तमुकच्या जागी हातापायांनी करायची कृती.

चालणारी वाक्यं: ‘दूध उतू यायला लागलं की गॅस बंद करून पुढच्या रांगेतला कप घेईन.’ ‘बेल वाजली आणि न सांगता कुणी आलं, की आधी पाणी देईन आणि मग घड्याळ बघेन.’ न चालणारी: ‘चिडणार नाही’, ‘जास्त विचार करणार नाही’. नकारातून कृती सुचत नाही. ‘चिडणार नाही’ याऐवजी ‘आवाज चढला की उठून खिडकी उघडेन’ असं लिहा. वाक्य एका वेळी एकच ठेवा आणि ते फ्रिजवर चिकटवा. तीन वाक्यं चिकटवली की एकही पाळली जात नाहीत.

सवयीच्या मागे एखादी अट असेल तर तिचीही मांडणी बदलावी लागते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडायला सुरुवात केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा हा गाभा आहे: माणूस आपल्या आवडीची सक्ती करून ठेवतो. ‘पाहुण्यांनी फोन करूनच यायला हवं’ ही झाली सक्ती. ‘फोन करून आले तर बरं. नाही केला तर चहा होईल, जेवणाचं बघू’ ही आवड. दुसऱ्या वाक्यात आवड तशीच आहे, पण तिच्याविना पुढे कसं जायचं तेही आहे. असं दुसरं वाक्य सुचत नाही, तोपर्यंत कृती कितीही बदलली तरी आतला पीळ राहतो.

स्वयंपाकघर

बहुतेक घरांत सगळ्यात घट्ट गाठ इथे असते, आणि ती फक्त सासू-सुनेची नसते. निवृत्तीनंतर ओट्याचा ताबा घेतलेले नवरेही तितकेच कडक असू शकतात. मिसळणाच्या डब्यात मोहरीची वाटी कुठे, हिंग फोडणीत कधी पडायला हवा, कणीक मळून किती वेळ झाकून ठेवायची, ओटा कोणत्या फडक्याने पुसायचा. यातल्या प्रत्येक गोष्टीला कधीतरी कारण होतं. आता कारण मागे पडलंय आणि आग्रह तेवढा उरलाय.

पायरी अशी लावा. आठवड्यातलं एक जेवण दुसऱ्याच्या हाती द्या, गुरुवारचं रात्रीचं म्हणू. ज्याचं स्वयंपाकघर आहे त्याने त्या पाऊण तासात घराबाहेर पडायचं. बाहेरच्या खोलीत बसणं पुरत नाही, कारण तिथून फोडणीचा आवाज येतो, वास येतो आणि पाय आपोआप आत वळतात. खाली सोसायटीच्या बाकावर बसा, नाहीतर चक्कर मारून या. आधी सूचना द्यायच्या नाहीत. सून म्हणाली, ‘आई, आज तुम्ही खाली जा, मी बघते,’ की ‘बरं’ एवढंच म्हणायचं. ‘बरं, पण मीठ...’ नको.

परत आल्यावर चवीबद्दल एक वाक्य बोलायला मुभा आहे, पद्धतीबद्दल एकही नाही. भांडी पुन्हा घासायची नाहीत. डबे चुकीच्या जागी गेले असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिथेच ठेवायचे. हे शेवटचं कलम क्षुल्लक वाटतं, पण सगळ्यात जड जातं. रात्री पाणी प्यायला उठल्यावर डबा सरळ करायचा मोह होतो आणि तो केला की संध्याकाळची मेहनत निम्मी वाया गेली.

ज्याने स्वयंपाक केला त्याच्यासाठीही एक सूचना आहे. पहिल्याच गुरुवारी पनीरचं काहीतरी अवघड करायला घेऊ नका. घरात नेहमी होणारी भाजी आणि आमटी, पण आपल्या पद्धतीने. पदार्थ ओळखीचा आणि हात वेगळा असेल तर पायरी ४-५ वर राहते, दोन्ही नवं असेल तर ८ वर जाते.

लिहिलेल्या भाकितांपैकी एखादं खरंही ठरतं, बहुधा ओटा चिकट राहिल्याचं. ते तसंच वहीत लिहा. काही बिघडलंच नाही असं दाखवायचा हा खटाटोप नाही. जेवढं बिघडलं तेवढ्याने काय अडलं, हे बघायचं आहे.

रस्ता

जायच्या-यायच्या वाटेवर हा सराव स्वस्तात होतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवस संप झाला. काही स्थानकं बंद राहिल्याने लोकांना दुसऱ्या वाटा शोधाव्या लागल्या. नंतर अर्थशास्त्रज्ञांनी प्रवासाची आकडेवारी तपासली तेव्हा दिसलं की संप मिटल्यावरही साधारण ५ टक्के लोक नव्या वाटेनेच जात राहिले. म्हणजे त्यांची जुनी वाट सगळ्यात सोयीची नव्हतीच, ती फक्त कधी तपासली गेली नव्हती.

पुण्यात अशी सक्ती वर्षातून किमान दोनदा होते. ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराज यांच्या पालख्या भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्कामाला येतात तेव्हा, आणि गणेशोत्सवात, विशेषतः विसर्जनाला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, कुमठेकर रस्ता, केळकर रस्ता मिरवणुकांनी भरतात तेव्हा. त्या दिवसांत वाहतूक पोलिसांच्या नावाने बोटं मोडत बसण्यापेक्षा वळवलेल्या रस्त्याने जाताना किती मिनिटं लागली आणि वाटेत काय दिसलं, ते टिपून ठेवा.

उरलेल्या वर्षात स्वतः ठरवून करा. दुचाकीला चिकटलेल्यांनी आठवड्यातून एक दिवस मेट्रो किंवा पीएमपीची बस घ्यावी. वनाजहून शिवाजीनगरला जायचं तर जिल्हा न्यायालय (पूर्वीचं सिव्हिल कोर्ट) स्थानकावर उतरून दुसऱ्या मार्गिकेवर जायचं आणि पुढच्याच स्थानकावर उतरायचं. दोन्ही मार्गिका तिथेच एकमेकींना छेदतात. पहिल्या दिवशी वीस मिनिटं आधी निघा, कारण कोणता दरवाजा, कोणता सरकता जिना, बाहेर पडल्यावर डावीकडे की उजवीकडे यात वेळ जातोच. म्हणून पहिल्या फेरीवरून मत बनवू नका. निदान पाच फेऱ्या करा आणि तिसऱ्या फेरीपासूनचीच मिनिटं जुन्या वाटेशी ताडून पाहा. पाच फेऱ्यांनंतरही दुचाकी बरी वाटली तर खुशाल दुचाकी घ्या. आता ती निवड आहे.

काय काय फसतं

सगळ्यात जास्त फसतं ते बदलाचीच नवी सवय लागल्याने. ‘आज सलग अठरावा दिवस’ अशी खूण कॅलेंडरवर करायला लागलात की जुना हट्ट गेला आणि नवा आला. म्हणूनच पायरी रोज न करता आठवड्यात तीन-चार वेळा ठेवली आहे. कोणत्या वारी करायची तेही बदलत ठेवा.

‘२१ दिवसांत सवय बदलते’ यावर भरवसा ठेवून बसू नका. हा आकडा अमेरिकेतल्या मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या निरीक्षणातून आला: रुग्णांना आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांना वाटलं. त्यातला ‘किमान’ पुढे कुणीतरी गाळला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक नवी सवय लावायला सांगितली, तेव्हा ती अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ ते २५४ दिवस असा निघाला (१२ आठवड्यांपुढचे आकडे गणिती अंदाजाने काढलेले) आणि मधला आकडा ६६ आला. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून पायरी चुकली तर भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोनदा करू नका. पुढच्या ठरलेल्या दिवशी एकदाच करा.

जाहीर करणंही टाळा. नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘मी बदलतोय’ असं टाकलंत की प्रत्येक जण परीक्षक होतो, आणि पहिल्या चिडचिडीला ‘झालं का बदलून?’ ऐकावं लागतं. घरातल्या एकाला सांगितलं तरी पुरे.

आणि दुसऱ्याच्या सवयी सैल करायला जाऊ नका. हे नवराबायकोत फार होतं. स्वतःच्या दोन पायऱ्या चढल्या की लगेच समोरच्याची वही मनातल्या मनात आखली जाते. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत तर फार झालं तर दोन पर्याय पुढे ठेवावेत: ‘बाबा, आज सारसबागेत जाऊ या की कमला नेहरू पार्कमध्ये?’ निवड त्यांची. ‘रोज काय तेच तेच’ असं म्हणून हाताला धरून नेलं तर दुसऱ्या दिवशी त्यांची जुनी फेरी अधिक घट्ट झालेली असते.

आजारपण, परीक्षा, घरातलं लग्न किंवा कार्यालयातला मार्चअखेर असेल तर त्या आठवड्यात शिडी थांबवा. नोंद चालू ठेवली तरी चालेल. तेव्हा ताणामुळे सगळेच आकडे दोन-तीनने चढलेले दिसतात आणि उगाच हताश व्हायला होतं.

सहाव्या आठवड्यात

या आठवड्यात नवी पायरी नको, हिशेब करा. अस्वस्थतेचे आकडे उतरले का ते पाहाच, पण त्याहून भरवशाचं माप म्हणजे सावरायला लागलेला वेळ. ठरलेलं मोडल्यावर पहिल्या आठवड्यात मूड ताळ्यावर यायला समजा दोन तास लागत होते आणि आता पंचवीस मिनिटं लागतात, तर काम झालंय, भले सुरुवातीची चिडचिड तेवढीच असो. दुसरं माप घरच्यांकडून घ्या. पहिल्या शनिवारचा तोच प्रश्न त्याच दोघांना पुन्हा विचारा.

मग केलेल्या प्रत्येक बदलापुढे तीनपैकी एक शेरा लिहा: ठेवला, सोडला, अधूनमधून. सोडलेले बदल निम्म्यापर्यंत असले तरी बिघडत नाही. जुना कप आवडत असेल तर तो परत काढा. तो फुटला तरी चहा होईल हे माहीत झालं, तेवढ्यासाठीच ती पायरी होती. जी पायरी सहा आठवड्यांनीही ६ च्या खाली आली नाही, ती सध्या सोडून द्या किंवा तिचे दोन लहान तुकडे करून पुढच्या वेळी घ्या. सहलीचं ८ अवघड गेलं असेल तर आधी फक्त हॉटेल दुसऱ्याने ठरवायचं आणि निघायची वेळ आपण. ‘अधूनमधून’ शेरा मिळालेल्या गोष्टी महिन्यातून एकदा करत राहा, नाहीतर त्या चार-पाच महिन्यांत पुन्हा ताठ होतात. तीन महिन्यांनी वही काढून एक आठवडा फक्त नोंद करा, रकाने तेच पाच.